गाठीतला विस्तव : खान्देशातल्या एका अग्निशमन केंद्राचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. गावाचं, नगरपालिकेचं किंवा कुणा माणसाचं नाव मी इथे देत नाही. ज्यांनी माझ्यापाशी मन मोकळं केलं त्यांतले निम्मे अजून कंत्राटावर आहेत, आणि त्यांच्या पोटावर पाय येईल असं काही माझ्या हातून व्हायला नको. गावाभोवती काळी कसदार जमीन आहे, हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने आहेत, दोन डाळ मिल आहेत आणि थोड्या अंतरावर केळीच्या बागा सुरू होतात. खान्देश आणि आग म्हटलं की बाहेरच्या माणसाला पंचेचाळीस अंशांचा मे महिना आठवतो. इथल्या बंबांची खरी धावपळ मात्र दिवाळी ते होळी असते. तेव्हा जिनांच्या आवारात कापसाचे डोंगर उभे असतात आणि वाळलेल्या बोंडाला ठिणगी पुरते.

मी अग्निशमन सेवेतून निवृत्त झालो आणि आता लहान नगरपालिकांच्या जवानांना शिकवायला जातो. या केंद्रात मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी चार दिवस शिकवायला, दुसऱ्या वेळी जिनाची मोठी आग होऊन महिना झाल्यावर. दुसऱ्या खेपेला मी शिकवलं काहीच नाही, फक्त ऐकलं. केंद्रप्रमुखापासून रात्रपाळीच्या वॉचरूमवाल्यापर्यंत एकेकाला वेगळं बसवून त्या दिवसाची हकिकत विचारली. हे टिपण त्यावर उभं आहे.

केंद्र कसं होतं

दोन बंब. एक साडेचार हजार लिटरचा, दुसरा लहान आणि म्हातारा. चौदा माणसं, त्यांत कायम पाच. बाकीचे ठेकेदारामार्फत आलेले. सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स केलेले तिघं. उरलेल्यांत कुणी पाणीपुरवठ्यातून आलेला, कुणी सफाई विभागातून, कुणाला नगरसेवकाच्या ओळखीने चिकटवलेलं. बंब दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालायला जायचा, पुढाऱ्याच्या सभेला मैदान धुवायला जायचा, लग्नाच्या मांडवाबाहेर उभाही राहायचा. वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की आधी बंब कुठे आहे याचा शोध.

तरीही ही माणसं कामचुकार नव्हती. माझ्या पहिल्या खेपेच्या दुसऱ्याच रात्री एका वाड्याला आग लागली. मी पाहिलं, एक पोरगा बनियनवर, चप्पल घालून, तोंडाला ओला गमछा बांधून धुरात शिरला आणि गॅसची टाकी खांद्यावर घेऊन बाहेर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते पैसे देऊन विकत मिळत नाही. मी मात्र रात्रभर झोपलो नाही. या पोराला कुणी वेळीच शिकवलं नाही, तर एक दिवस हे डोळे मिटलेले बघावे लागतील, एवढंच मनात येत होतं. अशी धग प्रत्येक लहान केंद्रात एक-दोघांपाशी असतेच. ती नाही म्हणून तक्रार करणारे अधिकारी मला भेटतात, तेव्हा मी म्हणतो, ती आहे, तुम्ही तिला काम दिलेलं नाही.

नवा केंद्रप्रमुख

माझ्या पहिल्या भेटीच्या थोडं आधी तिथे नवा केंद्रप्रमुख आला होता. चाळिशीच्या आतला. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेला, मूळचा धुळे जिल्ह्यातला. पहिल्या आठवड्यात त्याने भाषण केलं नाही की नोटीस लावली नाही. सकाळी साडेसहाला तो मैदानात आला, सगळे होज, म्हणजे पाणी मारायचे पाइप, उलगडले आणि स्वतः गमबूट घालून एकेक धुऊन वाळत टाकायला लागला. पहिल्या दिवशी दोघं मदतीला आले, चौथ्या दिवशी सगळे. वर्षानुवर्षं ओले गुंडाळून ठेवलेले होज कुजले होते. पंधरा मीटरच्या बावीस तुकड्यांतले सात फुटके निघाले. जवानांना ते आधीपासून माहीत होतं. एक जण मला म्हणाला, "सर, आम्हाले कोन्ही इचारलंच नव्हतं."

त्याचं दुसरं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बंबाचे मुख्य चालक पंचावन्नचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांना तालुक्यातली प्रत्येक विहीर, प्रत्येक शेततळं, कुठल्या जिनाची टाकी भरलेली असते आणि कुठल्या जिनाची फक्त तपासणीच्या दिवशी भरतात, हे पाठ होतं. पण त्यांच्या माहितीचा उपयोग ते स्वतः पाळीवर असतील तेवढाच. केंद्रप्रमुखाने त्यांच्या शेजारी बसून महिनाभरात पाण्याचा नकाशा केला. त्यात फक्त जागा नव्हत्या. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतातले पंप चालवणाऱ्या विजेच्या लाइनला, काही दिवस दिवसा लाईट असते, काही दिवस रात्री. लाईट नसेल तर भरलेली विहीरही बंबाच्या दृष्टीने कोरडीच. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे फीडरची वेळ लिहिली आणि दर सोमवारी ती बदलायचं काम आबांकडे दिलं. मी कागद बघत होतो, तेवढ्यात आबांनी एका विहिरीवर बोट ठेवलं, "तठे आज लाईट नही," आणि लगेच पेन्सिलीने खूण केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या डोक्यातलं कुणी पहिल्यांदा कागदावर उतरवून भिंतीवर लावलं होतं. तेव्हापासून ते सुट्टीच्या दिवशीही केंद्रात डोकावायला लागले.

तो आबांना नेहमी "अहो आबा" म्हणे, पोरांना "दादा" किंवा नावाने. अरे-तुरे फक्त कवायतीत, तेही ओरडण्यापुरतं. ही बाब लहान नाही. कंत्राटी माणसाला नगरपालिकेत कुणी नावाने हाक मारत नाही, "ए फायर" म्हणतात.

कवायत

रोजची कवायत पाऊण तासाची. उन्हाळ्यात साडेपाचला, कारण नऊनंतर अंगावर जाड डगला घालून धावणं म्हणजे खान्देशात आजाराला आमंत्रण. आधी टर्नआउट. वर्दीची घंटा झाल्यापासून बंबाचं चाक फाटकाबाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो, ते मोजायचं आणि फळ्यावर लिहायचं. सुरुवातीला तीन मिनिटांच्या वर लागायचे. मी गेलो तेव्हा दिवसा एका मिनिटाच्या आसपास आलं होतं.

भिंतीवर एक गणित रंगवलं होतं. श्वसनसंचाचा सिलिंडर सहा लिटरचा, दाब ३०० बार, म्हणजे १८०० लिटर हवा. हवा संपत आल्याची संचाची शिट्टी वाजू लागते तेव्हाचा राखीव दाब ५५ बार, म्हणजे ३३० लिटर बाजूला. उरले १४७०. शांतपणे काम करणाऱ्याने मिनिटाला ४० लिटर ओढले तर साधारण ३६ मिनिटं. धावत, घाबरत ६० लिटर ओढले तर २४. शेजारी प्रत्येक जवानाचं नाव आणि त्याचा स्वतःचा आकडा. तो आकडा त्याने डोळ्यांवर फडकं बांधून, रिकाम्या गोदामात पोती ओढत काढलेला. गॅसची टाकी उचलणाऱ्या त्या पोराचा आकडा सगळ्यांत कमी होता. जोर त्याचा सर्वांत जास्त, पण हवा तोच सर्वांत लवकर संपवायचा. आपल्याबद्दलचं हे सत्य त्याला आगीत नाही, रिकाम्या गोदामात कळलं. दोन महिने तो श्वास सांभाळायला शिकत होता.

आणखी एक प्रयोग. एका जिनवाल्याकडून पावसात खराब झालेली आणि नंतर वाळलेली एक गाठ मागून आणली. दाबून बांधलेली गाठ जवळपास १७० किलोची. तिच्यावर दहा मिनिटं साधं पाणी मारलं, मग पट्ट्या तोडून ती उघडली. वरचा थर भिजलेला, आत वितभरावर कोरडा ठणठणीत कापूस. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, पाणी त्यावरून ओघळून जातं. मग पाण्यात फेसाचं द्रावण थोड्या प्रमाणात मिसळून तेच केलं, तेव्हा ओल खोलवर गेली. प्रत्येकाने त्या गाठीत हात घालून पाहिलं. पुस्तकातलं वाक्य आणि स्वतःच्या बोटांना लागलेला कोरडा कापूस, यांत फार अंतर आहे.

दर १४ एप्रिलला सगळीकडे अग्निशमन दिन पाळतात, हार घालतात, आठवडाभर प्रात्यक्षिकं होतात. इथे केंद्रप्रमुखाने त्या दिवशी कापसाचीच गोष्ट सांगितली. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजात दारूगोळा होता आणि त्याच्यासोबत कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जवान पाणी मारत राहिले, आगीचं मूळ हाती लागेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. गोष्ट संपल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला : मागे फिरण्याचा हुकूम कुणी द्यायचा आणि तो आपल्याला ऐकू कसा येणार? त्यातून केंद्राचा नियम ठरला. शिट्टीचे तीन लांब आवाज आणि बंबाचा हॉर्न सलग वाजला की हातातलं टाकून बाहेर. का, कशाला, हे बाहेर आल्यावर. दर शनिवारी कवायतीत मध्येच, काही न सांगता, हा इशारा वाजे.

त्या दिवशी

फेब्रुवारीतली दुपार. वर्दी १०१ वर आलीच नाही, नेहमीप्रमाणे एका नगरसेवकाच्या मोबाइलवरून आली. "जिनाले आग लागनी," एवढंच. जिन कुठलं, हे विचारेपर्यंत फोन बंद. वॉचरूममधल्या पोराने गच्चीवर जाऊन धुराची दिशा पाहिली, नकाशावर बोट ठेवलं आणि बंब निघाला.

आग आधी उघड्यावरच्या कापसाच्या ढिगाला लागली होती. वारा पश्चिमेचा. पहिला बंब पोहोचला तेव्हा ढीग वरून धडधडत होता आणि ठिणग्या गाठींच्या गोदामाच्या पत्र्याखाली शिरत होत्या. आत सुमारे चारशे गाठी, भिंतीला टेकवून छतापर्यंत रचलेल्या. जुन्या विटांची भिंत, वर पत्रे. जिनाचं अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र ताजं होतं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार ते जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, आणि ते दिलेलं होतं. हायड्रंटचा पंप मात्र सुरू झाला नाही. बॅटरी उतरली होती. कागद आणि पंप यांच्यातल्या या फटीत माझ्या माहितीतली कितीतरी गोदामं जळाली आहेत, आणि त्याबद्दल मला अजून संताप येतो.

केंद्रप्रमुखाने उतरल्या उतरल्या पाणी सुरू केलं नाही. त्याने गोदामाला एक फेरी मारली, साधारण दीड मिनिट. जमलेले लोक शिव्या देत होते, "पानी मारा ना, काय दखी ऱ्हायनात!" त्या फेरीत त्याने तीन गोष्टी पाहिल्या : मागच्या भिंतीला जुनी भेग आहे, सरकीचं शेड अजून वाचवता येईल, आणि मजुरांची हजेरी कुणाकडे नाही. मजूर परप्रांतातले, कुणी म्हणालं एक हमाल दुपारी गाठींच्या आड झोपतो.

मग दोघं श्वसनसंच घालून, कमरेला दोर बांधून आत गेले. त्यांत तो पोरगा होता. दाराशी एक जण पाटी आणि घड्याळ घेऊन उभा. आत जाण्याची वेळ, दाब, बाहेर येण्याची वेळ. अकराव्या मिनिटाला दोघं बाहेर आले. आत कुणी नव्हतं. तो हमाल जेवायला गेला होता आणि थोड्या वेळाने धावत परत आला.

पुढचं सांगताना त्या पोराचा आवाज अजून चढतो. त्याला आत असताना आगीची कड दिसली होती. दोन रांगा पेटलेल्या, बाकी कोरड्या. मधे ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरून उभं राहिलं तर अर्धं गोदाम वाचेल, असं त्याला स्पष्ट दिसत होतं. "साहेब, मी मझार जास, दहा मिनिटं द्या." केंद्रप्रमुख नाही म्हणाला. तोवर दुसरी जोडी दारातून पाणी मारत होती आणि पोरगा त्यांच्यापुढे सरकायला लागला होता. तेव्हा तीन शिट्ट्या झाल्या आणि हॉर्न वाजला.

तो बाहेर आला. मी त्याला विचारलं, का आलास? तुला तर पटलं नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाय आले. दर शनिवारी येत होते ना."

अर्ध्या तासाने मागची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. आगीने पट्ट्या तुटल्या की दाबलेली गाठ सुटते आणि फुगते, पाणी प्यायली की आणखी. भिंतीला टेकवून रचलेल्या गाठी भिंतीलाच ढकलतात. केंद्रप्रमुखाने भेग पाहिली तेव्हाच त्या बाजूला माणूस उभा करायचा नाही असं ठरवलं होतं. छताचे पत्रे थोड्या वेळाने आत बसले. पोरगा जिथे उभा राहू म्हणत होता, ती जागा त्याखाली गेली.

गोदाम गेलं. सरकीचं शेड, जिनिंगची यंत्रं आणि शेजारची डाळ मिल वाचली. साडेचार हजार लिटरची टाकी एका ब्रँचला दहा मिनिटं पुरते, दोन ब्रँचना पाचच. आबांनी नकाशा पाहून पहिल्या दहा मिनिटांत तीन टँकर दोन शेततळ्यांकडे धाडले होते, कारण त्या दिवशी जवळच्या विहिरींना लाईट नव्हती. शेजारच्या दोन नगरपालिकांचे आणि एका साखर कारखान्याचा बंब येईपर्यंत पाणी एकदाही तुटलं नाही. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत मोठं काम हे होतं, आणि ते आगीच्या जवळही नव्हतं.

जे चुकलं

संध्याकाळी ज्वाळा बसल्या आणि सगळ्यांनी मुखवटे काढले. इथे केंद्रप्रमुख चुकला, आणि त्याने माझ्यासमोर ते सरळ कबूल केलं. धुमसणारा कापूस धूर कमी दाखवतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. त्याला ना रंग ना वास. जेसीबीने गाठी उपसताना कोसळलेल्या पत्र्यांआड काम करणाऱ्या दोघांना डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. दोघं बरे झाले. चारच सिलिंडर होते आणि ते भरायला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागतात, हे खरं. तरी उघड्यावर ओढून आणलेल्या गाठीच फोडायच्या, आडोशात माणूस शिरवायचा नाही, एवढं करता आलं असतं.

दुसरी चूक पाळीची. पहिले अडीच तास तीच चार माणसं ब्रँचवर होती. वीस मिनिटांनी बदल करायचा हे त्यानेच शिकवलेलं, पण बदली करायला जाणारा माणूस "मी ठीक आहे" हे उत्तर ऐकून परत फिरत होता. इथे जवानांची हौसच आड आली. दमलेला माणूस कधीच दमलो म्हणत नाही. म्हणून आता बदली विचारून होत नाही, पाटीवाला नाव पुकारतो.

तिसरी गोष्ट त्याच्या हातातली नव्हती, पण मी ती सोडणार नाही. त्या दिवशी आगीत उभ्या असलेल्या नऊ कंत्राटी जवानांचा तीन महिन्यांचा पगार थकलेला होता. मी याविषयी एका जबाबदार माणसाशी बोललो. तो म्हणाला, "पोरांना आवड आहे हो, ती कुठे जाणार नाहीत." हे वाक्य मला त्या भिंतीपेक्षा धोकादायक वाटतं. माणसाची कामावरची माया म्हणजे नगरपालिकेची उधारी नव्हे. केंद्रप्रमुखाने पगारासाठी मुख्याधिकाऱ्यांकडे सहा पत्रं लिहिली होती. त्या पत्रांच्या प्रती त्याने जवानांना वाचायला दिल्या होत्या. पैसे उशिरानेच आले, पण आपल्यासाठी कुणी लिहितंय हे त्यांनी स्वतः वाचलं होतं.

नंतरचे दिवस

आग लागली तेव्हापासून तो पोरगा चार दिवस केंद्रप्रमुखाशी बोलला नाही. भिंत पडल्यावरही नाही. आपण चुकलो हे कळल्याने राग जातोच असं नाही, कधी वाढतो. केंद्रप्रमुखाने त्याला समजावलं नाही. बाहेर काढलेल्या गाठी जिनामागच्या मोकळ्या शेतात एकमेकींपासून दोन-दोन हात अंतर ठेवून मांडल्या होत्या, प्रत्येकीला खडूने आकडा घातला होता, आणि त्यांच्या पहाऱ्याची वही त्याने या पोराच्या हातात दिली. दर तासाला प्रत्येक गाठीवर उघडा तळहात ठेवून बघायचं, ऊन लागली की लिहायचं.

दुसऱ्या खेपेला मी ती वही पाहिली. पहिल्या दोन दिवसांत बारा-तेरा नोंदी, सगळ्या घाईच्या. तिसऱ्या दिवशी एकही नाही. जिनवाला म्हणत होता, आता झालं, गाठी हलवू द्या, व्यापारी थांबलाय. केंद्रप्रमुख गावाला गेला होता, निर्णय या पोराकडे आला. तो नाही म्हणाला. जिनवाल्याने नगरसेवकाला फोन लावला, नगरसेवकाने याला. हा पुन्हा नाही म्हणाला.

पुढची नोंद पाचव्या दिवसाची, अक्षर सावकाश काढलेलं : "पहाटे ३.४०. गाठ क्र. ११७. वरून गार. उजव्या कडेला हात ठेवला, ऊन. पट्टी तोडली. आत वितभर लाल. फेसाचं पाणी मारलं, उकलून पसरली. शेजारच्या ११६, ११८ दोन हात लांब सरकवल्या. साहेबांना कळवलं."